माशाने नक्की काय खाल्ले? गोड्या पाण्यातील माशांच्या आहाराचा अभ्यास प्रथमच करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

प्राणिशास्त्र किंवा मत्स्यशास्त्राच्या पदव्युत्तर प्रकल्पासाठी ‘अमुक जलाशयातील माशांचा आहार’ हा विषय दरवर्षी अनेक विद्यार्थी घेतात. बाजारातून मासे आणायचे, पोट फाडायचे, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे आणि तक्ता भरायचा, एवढेच काम त्यांना समोर दिसत असते. प्रत्यक्षात दुसऱ्याच महिन्यात निम्मी आतडी रिकामी निघतात, उरलेल्यांत ओळखू न येणारा हिरवट लगदा असतो आणि पाठ्यपुस्तकाप्रमाणे शाकाहारी असलेल्या माशाच्या पोटात किड्यांचे पाय सापडतात. मी भीमा खोऱ्यातील माशांवर हे काम केले आहे. त्या अनुभवावरून, कोणत्या पायरीवर कशाची काळजी घ्यावी हे येथे क्रमाने मांडले आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. कटला पृष्ठभागावर, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी खातो, हे कोष्टक आपण सर्वांनी पाठ केलेले असते. ते खोटे नाही, परंतु ते प्रामुख्याने तळ्यात वाढवलेल्या मोठ्या माशांविषयी आहे. तुम्हाला शोधायचे आहे ते या पाण्यातल्या, या आकाराच्या माशांनी या महिन्यात काय खाल्ले. शाकाहारी, मांसाहारी ही लेबले निष्कर्षात लावावीत. त्यांच्यापासून सुरुवात केल्यास सूक्ष्मदर्शकाखालीही तेच दिसू लागते.

१. प्रश्न ठरवा आणि जाती कमी ठेवा

पहिल्या प्रकल्पासाठी दोन किंवा तीन जाती पुरेशा आहेत. आहारात उघड फरक असणारी जोडी निवडली, तर पद्धत हाताला बसते. चिलापी (तिलापिया) आणि शिवडा (इतर मासे खाणारा मोठा मिशाळ मासा) ही अशी सोपी जोडी आहे. एकाच कुळातील दोन जाती निवडल्या, उदाहरणार्थ रोहू आणि कानस, तर काम अवघड होते, मात्र निष्कर्ष अधिक बोलका निघतो.

जातींइतकेच महत्त्वाचे आकारगट आहेत. कार्प कुळातील (रोहू, कटला, मृगळ यांच्या कुळातील) जवळजवळ सर्व माशांची पिल्ले आरंभी प्राणिप्लवकच, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणीच खातात. पुढे पाणवनस्पतींवर जगणारा गवत्या मासासुद्धा (ग्रास कार्प) बोटुकली होण्यापूर्वी रोटिफर आणि जलपिसवा (डॅफ्नियासारखे) हे प्राणिप्लवकच टिपत असतो. मरळीची थव्याने फिरणारी पिल्ले प्लवक खातात, थोडी मोठी झाली की कीटकांकडे वळतात आणि पूर्ण वाढलेली मरळ मासे व बेडूक गिळते. म्हणून वीस सेंटीमीटरची आणि साठ सेंटीमीटरची मरळ एका सरासरीत घातली, तर येणारा आहार निसर्गातील कोणत्याच मरळीचा नसतो. नोंदवहीत पहिल्या दिवसापासून आकारगटाचा स्वतंत्र रकाना ठेवा.

२. कागदपत्रे आणि साहित्य

महाराष्ट्रातील बहुतेक जलाशयांतील मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. विभागप्रमुखांच्या सहीचे पत्र घेऊन संस्थेच्या अध्यक्षांना आधी भेटा. पुढचे वर्षभर तुमचे काम त्यांच्याच होड्यांवर अवलंबून असणार आहे. सोबत पुढील गोष्टी लागतील.

- मार्गदर्शकांचे पत्र आणि महाविद्यालयाचे ओळखपत्र
- जागा अभयारण्यात किंवा राखीव वनात असेल, तर वन विभागाची लेखी परवानगी
- जिवंत मासे हाताळणार असाल, तर संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी
- मासे विकत घेतल्याच्या पावत्या किंवा निदान तारीखवार नोंद
- बर्फपेटी, वजनकाटा, मोजपट्टी, व्हर्निअर कॅलिपर, विच्छेदन संच, हातमोजे
- फॉर्मालिन, ७० टक्के अल्कोहोल, रुंद तोंडाच्या बाटल्या, टिपकागद
- विच्छेदन सूक्ष्मदर्शक, संयुक्त सूक्ष्मदर्शक आणि सेजविक-राफ्टर मोजणी पट्टी
- बारीक जाळीची प्लवक-जाळी

चिठ्ठ्या पेन्सिलीने लिहाव्यात आणि बाटलीच्या आत टाकाव्यात. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते आणि बाहेर चिकटवलेले कागद ओलाव्याने गळून पडतात.

३. मासे मिळवणे: निम्मे काम इथेच बिघडते

बाजारातून मासे घेणे सोपे असते, पण बाजारात तीन फसगती ठरलेल्या आहेत.

पहिली फसगत मूळ ठिकाणाची. महाराष्ट्रातील शहरांत बर्फात येणारे कटला आणि रोहू पुष्कळदा आंध्र प्रदेशातील तळ्यांतले असतात. त्यांच्या आतड्यात भाताचा कोंडा आणि पेंड सापडते. तुम्ही ‘जलाशयातील रोहू धान्यकण खातो’ असे लिहून मोकळे होता. भिगवण किंवा इंदापूरसारख्या, उजनीच्या काठालगतच्या बाजारातसुद्धा मासा कोणत्या होडीतून उतरला हे विचारून घ्यावे. शक्य असेल तर लिलावापूर्वी काठावरच घ्यावा.

दुसरी फसगत जिवंत विकल्या जाणाऱ्या माशांची. मरळ, मागूर आणि शिंगी हवेतून श्वास घेऊ शकतात, त्यामुळे विक्रेते त्यांना टपात एक-दोन दिवस सहज ठेवतात. तेवढ्या वेळात पोट रिकामे होते. अशी रिकामी जठरे ‘मासा खात नव्हता’ याचा पुरावा ठरत नाहीत.

तिसरी फसगत वेळेची, आणि तिचा विचार सर्वांत कमी केला जातो. संध्याकाळी लावलेले उभे जाळे पहाटे उचलतात. दिवसा चरणारी चिलापी रात्री आठ वाजता त्यात अडकली, तर सकाळपर्यंत तिचे पचन चालूच राहते आणि तिचे जठर रिकामे निघते. त्याच जाळ्यातील रात्री शिकार करणाऱ्या शिवड्याचे पोट मात्र भरलेले असू शकते. या दोन जठरांची तुलना करून चिलापी कमी खाते असे म्हणता येणार नाही, कारण फरक घड्याळाचा आहे. चिलापीसाठी दुपारनंतर पागाने (फेकजाळ्याने) पकडलेले मासे मागावेत. ते शक्य नसेल, तर मच्छीमारांना जाळे दर दोन-तीन तासांनी तपासायची विनंती करावी आणि त्यांच्या वेळेचा योग्य मोबदला द्यावा.

शिकारी माशांबाबत आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. पकडले जाताना झटापटीत ते खाल्लेले ओकून टाकतात. जठर ताणलेले, पातळ आणि तरीही रिकामे दिसले, तर तशी वेगळी नोंद करावी. तसेच जाळ्यात आधीच अडकलेले छोटे मासे ते जाळ्यातच गिळतात. जठरात जराही न पचलेला, खवले शाबूत असलेला मासा मिळाला, तर तो हिशेबात धरण्यापूर्वी शंका घ्यावी. गळावर पकडलेल्या माशाच्या बाबतीत आमिष वगळायला विसरू नये.

माशांच्या स्थानिक नावांवर विसंबू नका. एकच नाव दोन तालुक्यांत दोन जातींना असते. प्रत्येक जातीचा एक नमुना अखंड जपून तज्ज्ञांकडून शास्त्रीय नाव निश्चित करून घ्यावे.

४. पोट फाडण्यापूर्वी तोंड पाहा

एकूण लांबी, प्रमाण लांबी (शेपटीचा पर वगळून) आणि वजन नोंदवून झाल्यावर तोंडाची दिशा पाहावी. कटल्याचे तोंड वर वळलेले असते आणि त्याला मिशा नसतात. रोहूचे ओठ झालरीसारखे असतात. मृगळाचे तोंड खालच्या अंगाला झुकलेले असते. झऱ्यांतल्या मळ्याचे तोंड तर पूर्णपणे खाली असून तो दगडावरचे शेवाळ खरवडतो.

नंतर कल्ल्याचे झाकण कापून पहिली कमान बाहेर काढा. तिच्या आतल्या बाजूला जे दाते असतात त्यांना गिल रेकर म्हणतात. कटल्यात ते पुष्कळ, लांब आणि दाट असतात, त्यामुळे पाण्यातून प्राणिप्लवक गाळले जाते. चंदेऱ्या माशात (सिल्व्हर कार्प) ते एकमेकांना जोडले जाऊन स्पंजासारखी जाळी तयार होते आणि त्यातून अतिसूक्ष्म वनस्पतिप्लवकही निसटत नाही. शिवडा किंवा मरळ यांच्यात ते मोजके आणि आखूड असतात.

कार्प कुळातील माशांच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. कल्ल्यांच्या मागील हाड काळजीपूर्वक काढून गरम पाण्यात धुतले की दात स्वच्छ दिसतात. सायप्रिनसचे (कॉमन कार्पचे) दाढेसारखे चपटे दात गोगलगायीचे कवच फोडतात, तर गवत्याचे दात कंगव्यासारखे खाचदार असून पाने कातरतात.

यावरून मासा काय खाऊ शकतो हे कळते. त्या दिवशी त्याने काय खाल्ले ते कळत नाही. महाड तालुक्यातील वाळणकोंडच्या डोहात महसीर मासे भाविकांनी टाकलेले चुरमुरे खातात, आणि महसिराच्या घशातील भक्कम दात काही चुरमुऱ्यांसाठी घडलेले नाहीत.

५. विच्छेदन आणि आतड्याची लांबी

गुदद्वारापासून पुढे, कात्रीचे बोथट टोक आत ठेवून, पोटाच्या मध्यरेषेवर काप घ्या. कात्री खोल गेली तर आतडे फुटते आणि नमुना वाया जातो.

रोहू किंवा मृगळ उघडला की नवखा विद्यार्थी जठर शोधत बसतो. कार्प कुळातील माशांना खरे जठरच नसते; अन्ननलिकेनंतर आतड्याचा थोडा फुगीर भाग लागतो, एवढेच. शिवडा, मरळ, चिलापी यांना मात्र जठर असते. चिलापीच्या जठरातील आम्ल इतके तीव्र असते की निळ्या-हिरव्या शैवालाच्या पेशीभित्तिकाही फुटतात, म्हणून इतर अनेक माशांना न पचणारे मायक्रोसिस्टिस तिला पचवता येते.

रोहूचे आतडे घड्याळाच्या स्प्रिंगसारखे गुंडाळलेले असते आणि त्याच्या वेटोळ्यांमध्ये यकृताचे तपकिरी, ठिसूळ तुकडे शिरलेले असतात. आतडे ओढून सरळ करू नका. ट्रेमध्ये थोडे पाणी घ्या, बोथट चिमट्याने पातळ पडदा एकेका वेटोळ्यावरून सोडवा आणि यकृताचे तुकडे बाजूला काढत जा. यकृत चिकटलेले राहिले तर आतड्याचे वजन वाढते. पित्ताशय फुटले तर सगळे हिरवेगार होते आणि शैवालाचा रंग ओळखता येत नाही. घाई केल्यास लांबीही चुकते, कारण ताजे आतडे ताणले की चांगलेच लांबते. मोजपट्टीवर ते सैल ठेवूनच मोजावे.

आतड्याच्या लांबीला माशाच्या एकूण लांबीने भागले की सापेक्ष लांबी मिळते. शिकारी माशांत ती साधारणतः एकापेक्षा कमी असते, मिश्राहारींत एक ते तीनच्या दरम्यान आणि शैवाल, वनस्पती व गाळ खाणाऱ्यांत त्याहून बरीच जास्त. हा नियम उपयोगी आहे, पण तो आंधळेपणाने लावू नये. गवत्या मासा जवळजवळ पूर्ण शाकाहारी असूनही त्याचे आतडे शरीराच्या दोन-अडीच पटच भरते. याउलट प्राणिप्लवकावर जगणाऱ्या कटल्याचे आतडे कित्येक पट लांब असते. केवळ या एका आकड्यावरून आहार ठरवणारे प्रबंध मी पाहिले आहेत. परीक्षकाने गवत्याचा प्रश्न विचारला की ते तिथेच अडखळतात.

याच वेळी भरलेपणाची श्रेणी नोंदवा: रिकामे, पाव, अर्धे, पाऊण, पूर्ण. आतड्याचे वजन भागिले माशाचे वजन गुणिले १०० हा जठर-देह निर्देशांक महिन्यागणिक काढावा. जून ते ऑगस्ट या विणीच्या काळात तो बहुधा घसरतो, कारण गाभोळीने पोट भरल्यावर आतड्याला जागाच उरत नाही आणि खाणेही मंदावते. म्हणून लिंग आणि गाभोळीची अवस्था यांचे रकाने हवेतच. चिलापीची मादी अंडी तोंडात उबवते आणि त्या काळात जवळपास उपाशी राहते. तिच्या तोंडात किंवा घशात पिवळी अंडी सापडली, तर ती ‘भक्ष्य’ म्हणून मोजू नका.

६. नमुने टिकवणे

मासा मेल्यावरही आतड्यातील पचनरसांचे काम सुरूच राहते. काठावर विच्छेदन शक्य नसेल, तर मासा लगेच बर्फात ठेवावा आणि पोटाला छोटा काप देऊन आत १० टक्के फॉर्मालिन सोडावे. बाजारातील फॉर्मालिन १ भाग आणि पाणी ९ भाग घेतले की ते तयार होते. फॉर्मालिन कर्करोगकारक आहे. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा आणि या कामातला मासा कोणाच्याही स्वयंपाकघरात जाणार नाही याची खात्री करा. काही दिवसांनी आतडी पाण्यात धुऊन ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवावीत.

७. सूक्ष्मदर्शकाखाली

जठर असलेल्या माशांत जठरातील अन्न घ्या. कार्पमध्ये आतड्याच्या पहिल्या तृतीयांशातीलच घ्या, कारण त्यामागे बहुतेक सर्व पचलेले असते.

मोठे भक्ष्य आधी वेगळे करा. शिवड्याच्या जठरातील माशाची त्वचा आणि डोके लवकर विरघळते. कणा, खवले आणि कानातील अस्थिखडे मागे राहतात. म्हणून त्या जलाशयातील छोट्या माशांचे खवले आणि कणे यांचा संदर्भसंग्रह आधीच करून ठेवावा. मणक्यांची संख्या आणि खवल्यावरील रेषा जुळवून बरेचदा कुळापर्यंत पोहोचता येते. भक्ष्याच्या पोटातील शैवालही जठरात मिसळलेले असते. ते शिवड्याने खाल्लेले नाही. त्याची नोंद त्याच्या आहारात करू नये.

उरलेला लगदा ठरावीक पाण्यात ढवळून १ मिलिलिटर सेजविक-राफ्टर पट्टीवर घ्या. तुम्हाला प्रामुख्याने पुढील गोष्टी दिसतील: नॅव्हिक्युला, निट्झशिया यांसारखे डायटम, स्पायरोगायरा, पेडियास्ट्रम ही हिरवी शैवाले, मायक्रोसिस्टिस, ऑसिलेटोरिया, ब्रॅचिओनस, केराटेला हे रोटिफर, डॅफ्निया, मोइना, बॉस्मिना, सायक्लॉप्स, आणि कायरोनॉमस डासकांच्या अळ्यांची तपकिरी डोकी. अळीचे शरीर विरघळले तरी डोके शाबूत राहते. एक डोके म्हणजे एक अळी, असे मोजावे.

येथे एक अंगभूत पक्षपात आहे. डायटमचे सिलिकेचे कवच आणि भुंग्यांचे कडक पंख दीर्घकाळ टिकतात, तर नाजूक रोटिफर काही वेळातच ओळखण्यापलीकडे जातात. त्यामुळे कठीण अंगाचे भक्ष्य नेहमी जास्त दिसते. शिवाय मृगळाच्या आतड्यातील रिकामी डायटम कवचे त्याने गाळासोबत गिळलेली, आधीच मेलेली असू शकतात. आत हरितद्रव्य असलेली आणि रिकामी, असे दोन रकाने केले तर हा गुंता बराच सुटतो.

वाळू, कुजका सेंद्रिय गाळ आणि ओळखू न येणारा भाग यांना स्वतंत्र गट द्या. ‘अनोळखी’ गट मोठा आला म्हणून तो अंदाजाने इतर गटांत वाटू नये.

८. आकडेमोड

संख्येची पद्धत एकटी वापरू नका. एक मासा आणि हजार डायटम मोजले, तर शिकारी मासाही कागदावर शैवालभक्षी ठरतो. आढळ-टक्केवारी, म्हणजे किती पोटांत तो घटक सापडला, ही सोपी आणि प्रामाणिक असते, पण तिच्यातून प्रमाण कळत नाही. आकारमान किंवा गुणांकन पद्धत (प्रत्येक घटकाने पोटाचा किती भाग व्यापला त्यानुसार गुण देणे) तिच्या जोडीला घ्यावी.

भारतात सर्वाधिक वापरला जातो तो नटराजन आणि झिंगरन यांनी १९६१ मध्ये मांडलेला प्राबल्य निर्देशांक. आकारमानाची टक्केवारी आणि आढळ-टक्केवारी यांचा गुणाकार करायचा, आणि प्रत्येक गुणाकार एकूण बेरजेच्या किती टक्के आहे ते काढायचे. समजा, गाळाचे आकारमान ५० आणि आढळ ९०, डायटमचे ३० आणि १००, कीटकांचे २० आणि ४० आले. गुणाकार ४५००, ३००० आणि ८०० होतात, बेरीज ८३००. म्हणजे गाळ ५४.२, डायटम ३६.१ आणि कीटक ९.६ टक्के. रिकामी पोटे आढळ-टक्केवारीतून वगळावीत, परंतु किती रिकामी होती हे वेगळ्या ओळीत छापलेच पाहिजे.

किती मासे पुरेत, हा प्रश्न सर्वच विचारतात. तपासलेली पोटे आडव्या अक्षावर आणि आतापर्यंत सापडलेले भक्ष्यप्रकार उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढा. रेषा आडवी होईपर्यंत मासे घेत राहा, आणि हे प्रत्येक आकारगटासाठी स्वतंत्रपणे करा.

मासा निवडून खातो की समोर येईल ते, हे पाहायचे असेल, तर त्याच दिवशी त्याच जागेचे प्लवकही जाळीने गोळा करावे लागते. इव्हलेव्हचा निवड निर्देशांक, म्हणजे (r − p) ÷ (r + p), त्यासाठी पुरेसा आहे. येथे r हे त्या भक्ष्याचे आतड्यातील प्रमाण आणि p हे पाण्यातील. उत्तर उणे १ ते अधिक १ यांदरम्यान येते. पाण्याचा नमुना न घेता ‘पसंती’ हा शब्द प्रबंधात वापरू नका.

९. दोन जातींची तुलना

आहार किती जुळतो हे श्योनरच्या सूत्राने काढता येते. दोन्ही जातींच्या प्रत्येक भक्ष्याच्या प्रमाणांतील फरक, चिन्ह सोडून, बेरजेत घ्या. त्याचे निम्मे करा आणि १ मधून वजा करा. ०.६ च्या वरचे उत्तर आहारातील मोठी जुळणी दाखवते, असा संकेत आहे.

मात्र जुळणी म्हणजे स्पर्धा नव्हे. पावसाळ्यानंतर जलपिसवांचा सुकाळ असताना चार जाती तेच खातील आणि कोणाचेच बिघडणार नाही. उन्हाळ्यात पाणी आटल्यावर त्याच चार जाती वेगवेगळ्या अन्नाकडे वळतील आणि जुळणी कमी दिसेल, जरी ओढाताण तेव्हाच जास्त असते. म्हणून वर्षाची एकच सरासरी देण्याऐवजी हंगामवार आकडे द्यावेत. हिमाचल प्रदेशातील गोविंदसागर जलाशयात १९७१ मध्ये चंदेरा मासा अपघाताने शिरला आणि पुढील काळात कटल्याचे उत्पादन घसरले. दोघेही प्लवक गाळून खाणारे असल्याने हे उदाहरण वारंवार दिले जाते. पण तेथेसुद्धा आहाराच्या जुळणीला उत्पादनाच्या दीर्घकालीन नोंदींची जोड मिळाली, म्हणून तो दावा उभा राहिला. तुमच्याकडे एका वर्षाची आतडी असतील, तर ‘आहार जुळतो’ एवढेच लिहावे.

तोंडी परीक्षा संपेपर्यंत सर्व बाटल्या, स्लाइड आणि पेन्सिलीने लिहिलेली मूळ नोंदवही जपून ठेवा. परीक्षक एखादी बाटली उघडून दाखवायला सांगू शकतात. त्यानंतर वापरलेले फॉर्मालिन बेसिनमध्ये किंवा ओढ्यात न ओतता प्रयोगशाळेच्या रासायनिक कचऱ्याच्या डब्यात जमा करावे आणि सहकारी संस्थेला प्रबंधातील तक्त्यांची एक मराठी प्रत नेऊन द्यावी.